आडवा धागा आणि मनाई हुकूम

श्रीने मँचेस्टरहून लिहिलं आहे की त्याच्या शाळेत आजीवर निबंध होता आणि त्याने लिहिलं, 'माझी आजी कोर्टात जज्ज होती.' मीनूने त्याच पत्राच्या खाली पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे, 'टायपिस्ट होती.' बाळांनो, दोघांचंही चुकलं. संपादकांनी बरेच दिवस लेख मागितला होता, आणि मी टाळत होते. पण नातवंडांनी आजीला एकदा जज्ज आणि एकदा टायपिस्ट केलेलं पाहिल्यावर म्हटलं, आता लिहिलंच पाहिजे. छापून आलं की अंक टपालाने धाडीन. बाकीच्या वाचकांनी हे आजी-नातवंडांचं बोलणं शेजारच्या खोलीतून कानावर पडावं तसं ऐकावं.

तर मी काय करत होते? सोलापुरात तात्यासाहेब नावाच्या वकिलांच्या कचेरीत मी बायकांना शपथपत्रं समजावून सांगत असे. शपथपत्र म्हणजे 'मी देवाला स्मरून सांगते की हे खरं आहे' असं लिहून दिलेला कागद. हे कागद बहुतेक इंग्रजीत असत, आणि मराठीत असले तरी ती मराठी अशी, की मराठी माणसाने घाबरून जावं. शिवाय आपलं सोलापूर! एका गल्लीत मराठी, पुढच्या पेठेत तेलुगू, तिच्यापलीकडे दख्खनी उर्दू, आणि अक्कलकोटच्या बाजूने आलेली बाई असली तर निव्वळ कानडी. कागदावर सही मात्र सगळ्यांनी एकाच जागी करायची.

माझं मॅट्रिकचं इंग्रजी होतं, आईकडून कानडी आलं होतं, तेलुगू आणि दख्खनी शेजारणींकडून पोटापुरतं उचललं होतं. तुमचे आजोबा शाळामास्तर. ते म्हणाले, "इंग्रजी शिकलीस ती काय बरणीत घालून ठेवायला?" म्हणून मी जाऊ लागले. बाईमाणसाला कागद वाचून दाखवायला बाईमाणूस बरं, हे तात्यासाहेबांनाही पटलं होतं.

कागद वाचून झाला की खाली मी लिहायचे, 'वाचून दाखवले, समजावून सांगितले, समजले असे म्हणाली,' आणि माझी सही. इतर कचेऱ्यांतले कारकून हे काम पाणी पिता पिता उरकत. माझी रीत निराळी होती. मी वाचून दाखवायची, आणि मग कागद उलटा ठेवून म्हणायची, "आता तुम्ही मला सांगा, यात काय लिहिलंय ते." बाईने तिच्या शब्दांत सांगितलं, आणि ते जुळलं, तरच सही. तात्यासाहेब वैतागायचे. "बाई, तुमच्याकडे अशील धाडलं की ज्वारी पेरून काढणी होईपर्यंत परत येत नाही!" पण माझ्या सहीचा कागद समोरच्या वकिलाने कधी 'बाईला कळलंच नव्हतं' म्हणून पाडला नाही, हेही ते चारचौघांत सांगायचे.

आता मनाई हुकूम म्हणजे काय ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. दोघांचं भांडण कोर्टात गेलं की निकालाला वेळ लागतो. तोवर एकाने भलतंच काही करून बसू नये म्हणून कोर्ट त्याला सांगतं, 'थांब. निकाल लागेपर्यंत हे करायचं नाही.' खेळात 'थांब' म्हटल्यावर उचललेला पाय तसाच धरायचा असतो ना, तसंच.

म्युनिसिपालिटीची निवडणूक झाली की आमच्या कचेरीत या हुकमांची सुगी यायची. निवडून आलेल्याचे हार सुकायच्या आत हरलेला माणूस वकिलाकडे यायचा. जिंकलेला माणूस मेंबर व्हायला लायकच नाही, तो शहरात राहत नाही, त्याचं वय झालेलं नाही, तो म्युनिसिपालिटीचा मक्तेदार, म्हणजे कंत्राटदार आहे, असं काही तरी म्हणायचा. आणि निकाल लागेपर्यंत त्याला सभेत बसू देऊ नका, असा मनाई हुकूम मागायचा. गंमत एवढीच, की हुकूम हातात पडल्याशिवाय चावत नाही. म्हणून मेंबर लोक बेलिफाला पाहून पळायचे. बेलिफ म्हणजे कोर्टाचे कागद घरोघर पोचवणारा माणूस.

आमच्याकडचा बेलिफ दस्तगीर. उंच, खाकी कोट, आणि आवाज असा गोड की जप्ती आणली तरी लोक त्याला चहा विचारायचे. एकदा एका धान्याच्या व्यापाऱ्यावर हुकूम होता. त्याच्यावर आक्षेप असा की तो शहरात राहतच नाही, राहतो होटगीला, इथे फक्त दुकान आहे. त्याला ओळखणारं माणूस आमच्या कचेरीकडून सोबत हवं होतं. बाकी सगळे कामात, म्हणून मी गेले. दारात घरच्या बायका उभ्या. बेलिफ दिसला की मालक घरी नाही म्हणायचं, हे त्यांना पक्कं पढवलेलं.

"शेटजी हैं क्या, भाभी?" दस्तगीरने विचारलं.

"न्हाईत की," थोरली म्हणाली.

"कब आयेंगे?"

"ते हितं येतच न्हाईत," धाकटीने जोर लावला. "ते तिकडं होटगीलाच ऱ्हात्यात. कायमचं!"

दस्तगीरने माझ्याकडे पाहिलं, मी दस्तगीरकडे. मी शांतपणे पिशवीतून कागद काढला आणि मोठ्याने म्हटलं, "दस्तगीरभाई, हे बरं झालं. घरच्यांनीच सांगितलं, शेटजी होटगीला राहतात. एवढं आपण कोर्टाला लिहून देऊ." स्वयंपाकघरात भांडी पडल्याचा आवाज झाला आणि शेटजी बाहेर धावत आले. मांडीवर घेतलेल्या शेंगांची टरफलं धोतराला चिकटलेली. "कोन म्हन्तंय? मी हितंच ऱ्हातो! जल्मल्यापासनं हितंच!" दस्तगीरने अदबीने हुकूम त्यांच्या हातात ठेवला. "तसलीम, शेटजी. इसपर सही."

ती हसण्यावारी न्यायची गोष्ट झाली. आता जी सांगते, ती राजम्माची.

तीस साली शहरात मार्शल लॉ आला त्याच्या थोडं आधीची ही हकीकत. पूर्वेकडच्या पेठेत पद्मसाळी विणकरांची वस्ती आहे. घराच्या पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. पुरुष मागावर बसतो, आणि बाई त्याच्यासाठी कांड्या भरते. कांडी म्हणजे बोटाएवढी नळी. तिच्यावर सूत गुंडाळायचं, ती धोट्यात बसवायची, आणि धोटा इकडून तिकडे पळाला की कापडात आडवा धागा पडतो. कांडी संपली की माग थांबतो. म्हणून त्या वस्तीत पहाटेपासून चरख्यांची घरघर चालू असते, आणि चरख्याशी बाई बसलेली असते.

राजम्मा अशीच एक. माझ्याहून थोडी मोठी, हातभर हिरव्या बांगड्या, तर्जनीच्या पेरावर सुताने पाडलेली खाच. त्या वस्तीला एकच विहीर होती. उन्हाळ्यात बायका घागरी घेऊन तिथे तासन्‌तास उभ्या, आणि घरी माग कांड्यांवाचून बंद. भांडणं व्हायची. राजम्मा रांग लावून द्यायची आणि तिचं सगळे ऐकायचे. बायकांना निवडणुकीला उभं राहायला तेव्हा नुकतीच परवानगी मिळाली होती. आईकडून आलेल्या घराची पट्टी, म्हणजे घराचा कर, राजम्माच्या नावावर होता, म्हणून ती उभी राहू शकत होती. ती उभी राहिली, आणि एकच गोष्ट बोलली, "मी नळ आनते." निवडून आली.

हरला तो तिचा चुलत दीर, सुताचा व्यापारी मल्लय्या. त्याने दावा लावला. राजम्माचा नवरा नरसय्या याच्याकडे म्युनिसिपालिटीच्या दवाखान्याला चादरी पुरवायचा मक्ता होता. कायदा असा की ज्याचा म्युनिसिपालिटीच्या मक्त्यात हिस्सा आहे, त्याला मेंबर होता येत नाही. कायदा चांगलाच आहे. घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने एकाच खुर्चीत बसू नये. मल्लय्याने शपथेवर लिहिलं की राजम्मा ही नवऱ्याच्या मागाच्या धंद्यात निम्म्याची भागीदार आहे, आडवा धागा सगळा तिचा असतो, सबब मक्ता तिचाही आहे, सबब तिला सभेत बसू देऊ नये.

तात्पुरता मनाई हुकूम निघाला. पहिल्याच सभेत नळाचा ठराव यायचा होता. दस्तगीर तिच्या घरी गेला तेव्हा काय झालं, ते त्यानेच मला सांगितलं. "बाईसाब, सारी उमर मैंने लोगों को भागते देखा. ये पहली औरत, बोली, 'दे की. माजाच हाय ना तो?'"

हुकूम हातात घेऊन ती थेट आमच्या कचेरीत आली. मागे नरसय्या. हा माणूस इतका अबोल, की त्याने जांभई दिली तरी बोलला असं वाटायचं.

तात्यासाहेबांनी कागद वाचले आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, हे तर सोपं आहे. मक्ता नवऱ्याच्या नावावर. बायको मदत करते ती बायको म्हणून, भागीदार म्हणून नव्हे. कोणत्याही कोर्टात हे उभं राहील. आपण शपथपत्र देऊ, हुकूम उठेल, सभेच्या दिवशी बाई खुर्चीत." त्यांनी भराभर मजकूर सांगितला, मी टाइप केला. इंग्रजी सुंदर होतं. तात्यासाहेबांचं इंग्रजी नेहमीच सुंदर असे. मजकुराचा गाभा असा: 'माझ्या पतीच्या धंद्यात माझा कोणत्याही प्रकारचा हिस्सा अथवा हितसंबंध नाही. मी केवळ घरकाम करते.'

मी राजम्माला घेऊन मागच्या खोलीत बसले. अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत वाचून दाखवलं. मग कागद उलटा ठेवला. "आता तुम्ही सांगा."

ती म्हणाली, "अक्का, ह्यात असं लिवलंय का, की मी कांड्या भरत न्हाय?"

"तसं नाही. कांड्या भरता, पण ते घरकाम. धंदा नव्हे."

"घरकाम म्हंजे भाकरी की. भाकरी आमी खातो. कांडी कोन खातंय?"

"कायद्यात..."

"आनि 'हिस्सा न्हाय' म्हंजे काय? मी उद्या उठून गेले, तर माग चालंल?"

"नाही."

"मंग?" ती माझ्याकडे पाहत राहिली. "मल्लय्या वंगाळ मानूस हाय, अक्का. त्याला नळ नको, कारन इहीर त्याच्या घराजवळ हाय. पर ह्या कागदात खरं त्यानं लिवलंय, आनि खोटं मी लिवायचं?"

मी नुसती समजावून सांगणारी. पण माझ्या आयुष्यात एवढं नीट कुणी समजून घेतलं नव्हतं.

मी बाहेर जाऊन तात्यासाहेबांना सांगितलं. ते आत आले. आधी गोडीने बोलले. "अहो राजम्माबाई, ही कायद्याची भाषा आहे. तिचा एवढा विचार करायचा नसतो."

"भाषा कायद्याची, सायब, पर तोंड माजं की."

"पण मग नळ जाईल. समजतंय ना? तुमचं मेंबरपद जाईल."

"मक्ता सोडला तर?" तिने विचारलं.

"आज सोडून उपयोग नाही. निवडणुकीच्या दिवशी तो होता."

तात्यासाहेब नरसय्याकडे वळले. "तुम्ही तरी सांगा. घरचे मालक तुम्ही."

नरसय्याने टोपी काढली, परत घातली. शेवटी तो म्हणाला, "तिचा हिस्सा न्हाय म्हनू? एवढं कापड मी एकट्यानं इनलो म्हनून? पेठेत लोकं हसतील की, वकीलसायब."

नरसय्या आमच्या कचेरीत बोलला ते एवढंच. मला विचाराल तर पुरेसं बोलला.

तात्यासाहेबांनी मला बाहेर बोलावलं. दार लोटलं. "बाई, मी तुम्हाला समजावून सांगायला सांगितलं होतं. बिथरवायला नव्हे. तिला परत बसवा, एकदा भराभर वाचून दाखवा, आणि सही घ्या. खाली तुमचं नेहमीचं लिहा."

मी म्हटलं, "तात्यासाहेब, नेहमीचं म्हणजे 'समजले असे म्हणाली.' तिला समजलं आहे, म्हणूनच ती सही करत नाही. आता मी खाली काय लिहू, ते तुम्ही सांगा."

हे बोलणं किती महागात पडेल, ते मला ठाऊक होतं. त्या कामाशिवाय मला दुसरं काम मिळालं नसतं. सोलापुरात शपथपत्रं समजावणाऱ्या बायकांची काही बाजारपेठ नव्हती. तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला. ते रागीट होते, पण अप्रामाणिक नव्हते. घाई झाली की या दोन्हींमधलं अंतर कमी होतं, इतकंच. चष्मा परत लावून ते म्हणाले, "ठीक आहे. तिचं जे आहे ते टाइप करा. हरायचंच आहे, तर नीट हरू."

मी टाइप केलं. तो मजकूर माझा होता, तात्यासाहेबांनी त्यातला एक स्वल्पविराम फक्त हलवला. 'माझे पती माग चालवतात. मी कांड्या भरते. कापडातला आडवा धागा माझ्या हातचा आहे. त्या धंद्यात निम्मा वाटा माझा आहे असे मी समजते आणि माझे पतीही समजतात. मक्त्यामुळे मेंबर होता येत नाही हे मला निवडणुकीच्या वेळी ठाऊक नव्हते.' वाचून दाखवला. कागद उलटा ठेवला. तिने एक शब्द न चुकता परत सांगितला, आणि तेलुगूत सही केली. अंगठा नाही. सही तिला येत होती.

कोर्टाच्या दिवशी पेठेतल्या बायका आल्या होत्या. कोर्टाच्या आवारात त्यांच्या लुगड्यांचे रंग पाहून शिपाई चक्रावला. मल्लय्याच्या वकिलांनी साक्षीदार तयार ठेवले होते. शेजारी, सूत रंगवणारा, चरख्याचा सुतार, राजम्मा खरोखर कांड्या भरते हे सिद्ध करायला. कारण आमच्याकडून नकार येणार, हे ते धरूनच चालले होते. आमचं शपथपत्र वाचलं तेव्हा त्या वकिलांनी दोनदा कागद उलटून पाहिला. मागे काही तरी दगा असणार, अशी त्यांची खात्री.

जज्जसाहेब शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ. त्यांनी राजम्माला पिंजऱ्यात बोलावलं आणि स्वतः विचारलं, "हे तुम्ही समजून लिहून दिलंय का?"

"व्हय."

"कुणी दबाव आणला?"

"आनला की. पर मी घेतला न्हाय."

तात्यासाहेबांनी छताकडे पाहिलं.

मग मल्लय्याचे वकील उठले. त्यांना एवढा सहज विजय पचत नव्हता. बाईकडून आणखी काही वदवून घ्यावं, म्हणून त्यांनी खोचून विचारलं, "म्हणजे बाई, तुम्ही स्वतःला नवऱ्याच्या बरोबरीच्या समजता?"

राजम्माने त्यांना खालून वर न्याहाळलं. "वकीलसायब, तुमचं धोतर आमच्याच पेठेतलं दिसतंय. त्यातला उभा धागा ठेवा आनि आडवा तेवढा काढून टाका. मंग कोन बरोबरीचं ते इथंच समद्यांना दिसंल."

मागच्या बायकांत जो हशा पिकला, तो थांबवायला पट्टेवाल्याला तीनदा ओरडावं लागलं. जज्जसाहेबांनी तोंडाशी रुमाल धरला. वकील खाली बसले, आणि मला वाटतं त्यांनी नकळत धोतराचा सोगा चाचपला.

पण हसून झालं तरी कायदा तिथेच होता. जज्जसाहेबांनी तिथल्या तिथे हुकूम सांगितला. प्रतिवादीने हिस्सा प्रांजळपणे मान्य केला आहे. सबब मनाई हुकूम कायम. तिने सभेत बसायचं नाही. पुढे दाव्याचा निकालही तसाच लागला आणि जागा मोकळी झाली. नळाचा ठराव पहिल्या सभेत आला, आणि मांडायला कुणी उरलं नाही म्हणून तहकूब झाला.

बाहेर आल्यावर एका बाईने राजम्माला गाठलं. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. "एक खोटं बोलली असतीस तर काय बिघडत होतं? रोज बोलतोच की आपुन! आता ह्या उन्हाळ्यात पान्याला तुजं खरं घिऊन जाऊ का घागरीत?"

राजम्माने पदर डोक्यावर घेतला आणि ती पेठेच्या रस्त्याला लागली. तो उन्हाळा फार कडक गेला. मी त्या विहिरीवरून जायचे तेव्हा रांगेकडे बघायला मला धीर होत नसे. खरं बोलण्याची किंमत बोलणाऱ्यानेच भरावी असा नियम असता, तर किती बरं झालं असतं. पण ती सगळ्या पेठेने भरली.

पुन्हा निवडणूक लागली तेव्हा नरसय्याने मक्ता सोडायची तयारी दाखवली. राजम्मा नको म्हणाली. दवाखान्याचा मक्ता सुटला तर माग रिकामा बसेल. मल्लय्या उभा राहिला आणि निवडून आला. यथावकाश नळही आला. आला तो मल्लय्याच्या दुकानासमोर! पण पाणी बायकांना मिळालं, हे कबूल केलं पाहिजे. राजम्मा त्या नळावर घागर लावायची आणि मल्लय्या दुकानातून बघत असला की म्हणायची, "भावजी, नळ बेस लावलात. मी लावला असता तर चार घरं पुढं लावला असता, एवढंच."

गोष्ट इथे संपली असती तर मी तिला हार म्हटलं असतं, आणि हे लिहायलाही बसले नसते.

काही वर्षांनी नरसय्या गेला. छातीत कळ आली आणि मागावरच गेला. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर मल्लय्या आला आणि म्हणाला, माग आजोबांच्या वेळचा, घराण्याचा. घर तुझं असेल, पण माग आमचा. तुला धान्य-लुगडं मिळत राहील, मात्र माग मी नेणार. त्या काळात विधवेला असं सांगणं काही नवं नव्हतं, आणि बहुतेकींना ते ऐकावंच लागे.

राजम्मा कचेरीत आली. तात्यासाहेबांकडे नाही, माझ्याकडे. मागच्या खोलीत नेहमीच्या जागी बसली.

"अक्का, त्या दाव्यात मल्लय्यानं शपथ घेऊन काय लिवलं होतं, ते मला परत एकदा समजावून सांग."

दाव्याची नक्कल कपाटात होती. माझं कपाट होतं, त्यामुळे ती लगेच सापडली. मी वाचून दाखवली. कागद उलटा ठेवला. जुनी सवय.

"आता तुम्ही सांगा."

तिने सांगितलं. मग एवढंच म्हणाली, "बास."

तात्यासाहेब दावा लावायला तयार होते. पण तिला कोर्ट नको होतं. कोर्टात वर्षं जातात, तोवर मागाला वाळवी लागते. तिने जातीच्या पंचांपुढे प्रश्न नेला. मला तिने मुद्दाम बोलावलं होतं, कागद वाचायला. पण वाचायची वेळच आली नाही. राजम्मा पंचांपुढे उभी राहिली आणि मल्लय्याला म्हणाली, "भावजी, कोर्टात देवाला स्मरून तुमी सांगितलं, का माग निम्मा माजा. मी बी तेच सांगितलं. तुमी मला खाली ओढाया सांगितलं, मी खरं म्हनून सांगितलं, पर सांगितलं दोघांनी. जज्जसायबांनी दोघांचंबी खरं मानलं. आता पंचांपुढं म्हना, तवा मी खोटं बोललो."

मल्लय्याने पंचांकडे पाहिलं. पंच मल्लय्याकडे पाहत होते. पेठेतल्या बायका दारापर्यंत दाटल्या होत्या, आणि त्यात कोर्टाबाहेर राजम्माला सुनावणारी ती घागरीवालीही होती. खोटी शपथ घेतली असं पंचांपुढे कबूल करणं म्हणजे त्याच्या दुकानाची सगळी पत गेली. थोरल्या पंचांनी विचारलं, "बोल की मल्लय्या."

"निम्मा तिचा," तो म्हणाला. आणि उरलेला निम्माही तिच्या हयातीपर्यंत तिच्याकडे राहील, असं पंचांनी ठरवलं.

कायद्याच्या काट्यावर हे कितपत टिकलं असतं, याची मला आजही शंका आहे, तात्यासाहेबांनाही होती. ते म्हणाले, "बाई, आपण तो खटला हरलो नाही, उधारीवर जिंकलो." एवढं बोलून ते आत गेले. त्यांच्या तोंडून मिळालेलं सगळ्यात मोठं शाबासकीपत्र तेच, आणि ते मी जपून ठेवलं आहे.

समजा त्या दिवशी ते सुंदर इंग्रजी मी भराभर वाचलं असतं, तिने सही केली असती, तर नळ लवकर आला असता आणि ती खुर्चीत बसली असती. पण 'माझा कोणत्याही प्रकारचा हिस्सा नाही' हे तिच्याच सहीचं वाक्य मल्लय्याने पंचांपुढे तिच्या तोंडावर मारलं असतं. माझ्या कामात अशी वाक्यं रोज माझ्या हातांखालून जात. इतर कचेऱ्यांत बायका त्यांवर सही करायच्या आणि हिस्सा गमवायच्या, त्यांना कधी कळायचंही नाही. सगळ्यांना मी वाचवलं असं म्हणणार नाही. पण माझ्यासमोर बसलेल्या एकीनेही न कळता सही केली नाही, एवढं मात्र मी छाती पुढे काढून म्हणेन. तेव्हा श्री, निबंधात लिही, 'माझी आजी कागद समजावून सांगायची.' आणि मीनू, तू ते खोडू नकोस.

राजम्माने नंतर मागावर एक भाडोत्री विणकर ठेवला, पण कांड्या स्वतःच भरत राहिली, अगदी हात चालत होते तोवर. तिने मला एक चादर दिली होती, पांढरी, काठाला बारीक निळी रेघ. इतकी वर्षं वापरूनही ती विरलेली नाही. या अंकाबरोबर ती तुमच्याकडे पाठवते आहे. तिच्यातला उभा धागा कुणी लावला, ते मला ठाऊक नाही. आडवा कुणाचा, ते शपथेवर सांगते.